तोंड आल्याचं जेल

माझा स्वभाव संशयी आहे आणि मी तो लपवत नाही. भाजीवाली "ताजी हाय की ताई" म्हणाली, की मी जुडी उलटी करून बघते. शाळेच्या लायब्ररीत नोकरी करून हा गुण जास्तच पक्का झाला. एखादे सर पुस्तक परत करताना फार गोड बोलले, की मी आधी पानं फाटलीत का ते बघते. माहेरी, सांगोल्याला, मला सगळे फौजदारीण म्हणायचे. सासरी सोलापुरात तोंडावर कुणी काही म्हणत नाही. पण सासूबाई अक्कलकोटकडच्या, सासऱ्यांनाही कानडी येतं, आणि मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की दोघांचं मराठी तिथल्या तिथं बंद होऊन कानडी सुरू होतं. एवढ्या वर्षांत मला त्यातले थोडेफार शब्द कळायला लागलेत, हे मी त्यांना कळू दिलेलं नाही.

बेसिनवरच्या फळीत आमच्या घरचा दातांचा दवाखाना आहे. लवंग तेलाची बाटली, तुरटीचा खडा, सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट, बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंड आल्यावर लावायचं जेल. दात ठणकला की लवंग तेलाचा बोळा, हिरडी सुजली की मीठ-पाण्याच्या गुळण्या, तोंड आलं की आधी जाईची पानं चघळायची आणि मग जेल. दातांच्या डॉक्टरकडं जायची वेळ सहसा कुणी येऊ देत नाही. सासऱ्यांच्या मते वरचा दात काढला की नजर जाते. नवऱ्याच्या मते एक दात दाखवायला गेलं की डॉक्टर शेजारचेही कोरून ठेवतो. माझा दोघांच्याही बोलण्यावर विश्वास नाही, पण डॉक्टरवरही नाही, त्यामुळं मीसुद्धा मेडिकलमध्येच जात आले.

तर हे जेल. एकदा चहाचा चोथा टाकायला गेले तर कचऱ्याच्या डब्यात त्याची ट्यूब दिसली. पार शेवटपर्यंत पिळून, गुंडाळी करून टाकलेली. मी ती आणून फार दिवस झाले नव्हते, आणि घरात कुणाचं तोंड आल्याचं माझ्या कानावर नव्हतं. आमच्या घरात कुणाला साधी शिंक आली तरी तिची चर्चा दुपारपर्यंत चालते. थोड्या दिवसांनी आणखी एक ट्यूब सापडली. ही वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली होती. कागदात गुंडाळलेली होती म्हणूनच मी ती उघडून बघितली.

पहिला संशय अर्थातच नवऱ्यावर. लग्नाआधी तो मावा खायचा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटायचा आणि गालात धरायचा. मी घरात आल्यावर ते बंद झालं, निदान मला तसं सांगण्यात आलं. आता गालात चट्टे पडले असतील, तिखट लागत नसेल, म्हणून गुपचूप जेल लावत असेल, असं मी धरून चालले. त्याच्या शर्टाचे खिसे हुंगले. बोटं हुंगली. गाडीची डिकी उघडली तर कापडाच्या खाली एक पुडी सापडली. हाती लागलीच म्हणून उघडली तर शेंगाची चिक्की निघाली. याची साखर वाढलेली, डॉक्टरांनी गोड बंद केलेलं, आणि हा डिकीत चिक्की ठेवतो. तो खटला मी बाजूला ठेवला आणि आधी मूळ विषयाला हात घातला.

"आ करा," मी म्हणाले.

"काय?"

"तोंड उघडा."

"अगं, मी काय बाजारात आणलेला बैल आहे का?"

पण चिक्की पकडली गेलेली असल्यामुळं त्यानं निमूटपणे आ केला. मी मोबाईलची बॅटरी लावून दोन्ही गाल बघितले, जिभेखाली बघितलं. एक दाढ किडलेली होती, बाकी तोंड स्वच्छ होतं. मला जरासं वाईटच वाटलं.

लेकीवर संशय घ्यायचं कारण नव्हतं. ती बारावीत. क्लासला जाताना स्कूटीवरून पडून तिचा डावा हात मोडला होता आणि प्लास्टर अजून निघायचं होतं. ती पडल्यापासून सासूबाई तिच्या मागंमागं असायच्या. तिला घास भरवायच्या, तिच्या प्लास्टरवरून हात फिरवायच्या आणि डोळे पुसायच्या. माया आधीही होती, पण इतकी नव्हती. त्याही गोष्टीची मी मनात नोंद करून ठेवली होती.

मग मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. "आमच्या घरचं कुणी जेल नेतंय का हो?" असं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुमचे सासरेच न्हेतेत की ताई," मेडिकलवाला म्हणाला. "परवा तर इचारत हुते, ह्याच्यापेक्षा जोराचं काय हाय का. मी म्हणलं आजोबा, इतके दिस लावायचं औषध न्हाय हे, एकदा डॉक्टरला दाखवून घ्या. तर म्हणले, तेवढं सोडून काय बी सांग."

विकणाराच घेऊ नका म्हणायला लागला की माझे कान टवकारतात. घरी येऊन मी नव्या ट्यूबच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, आठवडाभरात आराम न पडल्यास डॉक्टरांना दाखवा. आठवडा कधीच उलटून गेला होता.

सासरे ओट्यावर ऊन खात बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"मामा, जेल कशाला लागतंय तुम्हाला?"

"कवळी टोचतीया गं."

"दाखवा बरं."

त्यांना वाटलं होतं मी एवढ्यावर सोडून देईन. नाइलाजानं त्यांनी कवळी काढून स्टीलच्या वाटीत ठेवली आणि उन्हाकडं तोंड केलं. हिरड्या तान्ह्या बाळासारख्या, गुलाबी आणि गुळगुळीत. कुठं साधा ओरखडा नव्हता.

"कुठं टोचतीया?"

त्यांनी आधी उजवीकडं बोट दाखवलं, मग डावीकडं. नुसत्या हिरड्यांनी माणसाला खोटंही धड बोलता येत नाही. तेवढ्यात आतून, स्वयंपाकघरातून, सासूबाईंचा आवाज आला, "हेळब्याड!"

हा शब्द मला येत होता. सांगू नकोस, असा त्याचा अर्थ.

त्या दिवसापासून मी सासूबाईंवर डोळा ठेवला. खरं तर आधीच दिसायला हवं होतं, इतकं ते उघड होतं. कडक भाकरी त्या कुस्करून आमटीत भिजवत होत्या आणि ती मऊ होईपर्यंत ताटाकडं नुसत्या बघत बसत होत्या. शेंगाची चटणी स्वतः कुटायच्या, सगळ्यांना वाढायच्या आणि स्वतःच्या ताटात घ्यायच्या नाहीत. सोलापुरात जन्म काढलेल्या बाईनं शेंगाची चटणी टाळणं ही साधी गोष्ट नाही. जेवताना भिंतीकडं तोंड करायच्या. जेवायच्या आधी बेसिनपाशी जाऊन यायच्या, आणि मग थोडा वेळ त्यांचं बोलणं जड यायचं, जीभ बधिर झाल्यासारखं.

आता संशय मिसरीवर गेला. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्यावर बोटानं दातांना घासत बसायचं. सासूबाईंनी आयुष्यभर हे केलं. भाजताना घरभर ठसका उठायचा. त्यावरून त्यांची आणि माझ्या नवऱ्याची रोज खडाजंगी व्हायची. शेवटी एका सकाळी त्या भडकल्या. लेक तेव्हा लहान होती, शाळेच्या कपड्यात उभी. तिला त्यांनी जवळ ओढलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हिच्या डोक्याची शपथ, आजपासनं मिसरीला बोट लावलं तर!"

मला ते अजिबात आवडलं नाही. मिसरी यांची, भांडण यांचं, आणि डोकं माझ्या लेकीचं. लहानपणी कुणी अशी शपथ घेतली की आम्ही घाबरून "सुटली म्हण, सुटली म्हण" करत मागं लागायचो. जिची शपथ तिनं सुटली म्हटलं की ती संपली, असा आमच्याकडं सगळ्यांचा समज. म्हणून मी लेकीला हळूच म्हणाले, "सुटली म्हण गं." सासूबाईंनी लगेच तिच्या तोंडावर हात ठेवला. "म्हणू नगंस बाळा. म्हणलीस की शपथ जातीया. मला खरंच सोडायची हाय."

आणि त्यांनी सोडली. डबी शेजारणीला देऊन टाकली. त्यानंतर मी बराच काळ त्यांच्या बोटांची नखं बघत होते, पण कधी काळं दिसलं नाही. तेवढ्यापुरता माझाही विश्वास बसला होता.

आता तो उडाला होता. आणि त्याबरोबर मला भीतीही वाटत होती, ती का ते सांगते. मंगळवेढ्याची माझी मावशी अशीच मिसरी लावायची. तिच्या गालात जखम झाली. ती लवंग तेल लावत राहिली, हळद लावत राहिली, तोंड आलंय म्हणत राहिली. ज्या दिवशी तिनं डॉक्टरपुढं तोंड उघडलं, त्या दिवशी डॉक्टरांनी काकांना एकट्याला बाहेर बोलावलं. पुढं तिला पाणीसुद्धा नळीनं द्यायला लागलं. मी तिच्या उशाशी बसलेली आहे. सासूबाईंचं आणि माझं फारसं पटत नसेल, पण त्यांना तसं पडलेलं मला बघायचं नव्हतं.

दुपारी त्या मागच्या अंगणात चटणी कुटत होत्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. मी म्हणाले, "आत्या, मिसरी परत सुरू झाली का?"

बत्ता थांबला. "कोण म्हणतंय?"

"कुणी नाही. तोंड उघडा बघू."

"मेल्यावर उघड," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कुटायला लागल्या. चटणी कुटून कुटून तेल सुटलं तरी थांबल्या नाहीत.

संध्याकाळी नवऱ्यानं डॉक्टरकडं चल म्हणून बघितलं. त्याच्याशी त्या बोलल्याच नाहीत. मग मी परत सासऱ्यांना गाठलं. या वेळी मी कवळीचा विषय काढला नाही, मावशीचं सगळं सांगितलं. नळीचंही सांगितलं. त्यांनी आपणहून कवळी काढून वाटीत ठेवली.

"तुला संशय येतोय त्यो खरा हाय," ते म्हणाले. "पर निम्माच खरा हाय. तिची दाढ ठणकत हुती. लवंगाचं तेल झालं, तुरटी झाली, गोळ्या झाल्या. शेजारीण म्हणाली, चिमटीभर मिसरी लाव, बधिर हुतंय. लावली एक डाव. आन त्याच दिवशी पोरगी गाडीवरनं पडली."

त्यांनी वाटी बाजूला सारली.

"त्यानंतर शेजारणीच्या डबीकडं बघितलं बी न्हाय तिनं. पर दाढेचा टवका उडालाय, त्यो जिभेला घासतोय. जखम भरंना झालीया. डाक्टर पैलं काय इचारणार? तमाखू लावता का. मग खरं सांगावं लागंल. पोरीला कळंल, आज्जीनं शपथ मोडली म्हणून माझा हात मोडला. ती म्हणतीया, मरीन पर हे पोरीला कळू देणार न्हाय."

मला राग आला. शपथेचा आला, त्या शेजारणीचा आला, जेल आणून देणाऱ्या या म्हाताऱ्याचाही आला. बाई दुखणं अंगावर काढत होती आणि घरात जो तो तिला बधिर करायचं सामान पुरवत होता. पण माझा राग त्या जखमेच्या काही कामाचा नव्हता. मी उठून लेकीच्या खोलीत गेले आणि तिला सगळं सांगितलं. सासऱ्यांनी मागून "अगं, अगं" केलं, तिकडं मी लक्ष दिलं नाही.

लेक आधी हसली. मग माझं तोंड बघून थांबली. तशीच उठून आजीकडं गेली. सासूबाई देवापुढं वाती वळत होत्या.

"आज्जी, तू मिसरी लावलीस म्हणून नाही पडले मी. रस्त्यात खड्डा होता."

सासूबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग दारात उभ्या सासऱ्यांकडं. त्यांना कळलं, सगळं फुटलं. हातातला कापूस खाली ठेवून त्या म्हणाल्या, "खड्डा रोजच असतोय की गं. रोज कुटं पडतीस?"

लेक आणखी एकदोन गोष्टी बोलली, समोरून रिक्षा आली, ब्रेक उशिरा दाबला, वगैरे. सासूबाई मान हलवत राहिल्या. त्यांचा स्वतःवरचा संशय इतका पक्का झाला होता, की रिक्षा आणि ब्रेक त्याच्यापुढं टिकेनात. मला तो चांगला ओळखू आला, कारण मीही अशीच हटून बसते.

मग लेक त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. चांगल्या हातानं तिनं आजीचा हात उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"डोकं माझं होतं ना? मग सोडायची पण मीच. सुटली."

"म्हणू नगंस..."

"म्हटलं. सुटली आज्जी. आता आ कर."

सासूबाईंनी हात काढून घेतला नाही. त्यांचे डोळे भरून आले, ओठ मात्र घट्ट मिटलेले. मग त्यांनी लेकीकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

"तू सांग," त्या म्हणाल्या. "तुला कुणाचंच पटत न्हाय. सुटली का गं खरंच?"

मला देवाधर्माचं फार कळत नाही. शपथेनं हात मोडतो यावर माझा विश्वास नाही, तेव्हा सुटली म्हटल्यानं ती सुटते यावर कसा असणार? पण त्या बाईनं एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी खरं विचारलं होतं.

"सुटली, आत्या," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

मी मोबाईलची बॅटरी लावली. खालची दाढ अर्धी तुटलेली, तिची कड सुरीसारखी. तिच्यासमोर जिभेच्या कडेला जखम, मध्ये लाल आणि भोवती पांढरी. खालचा ओठ ओढला तर आत, जिथं आयुष्यभर मिसरीचं बोट फिरलं होतं, तिथली कातडी पांढरट, सुरकुतलेली. लेकीनं मोबाईल माझ्याकडून घेतला आणि आणखी जवळ धरला.

दातांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी विचारलंच, "आजी, तंबाखू?"

सासूबाई खुर्चीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "जलमभर मिसरी लावली. मग सोडली. मधी एक डाव लावली. पर ती शपथ सुटलेली हाय." डॉक्टरांना शेवटचं काही कळलं नाही. त्यांनी दाढेची कड घासून गुळगुळीत केली, जेल बंद करायला सांगितलं आणि थोड्या दिवसांनी परत बोलवलं. त्या फेरीला जखम भरत आलेली होती. ओठाच्या आतल्या पांढऱ्या जागेचा मात्र त्यांनी बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. तो रिपोर्ट येईपर्यंत मला धड जेवण गेलं नाही. रिपोर्टमध्ये वाईट काही निघालं नाही. पण ही जागा मिसरीनं झालेली आहे, पुन्हा बोट लावायचं नाही, आणि अधूनमधून येऊन दाखवत राहायचं, घरीही लक्ष ठेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. तोच रिपोर्ट मी दुसऱ्या एका डॉक्टरलाही दाखवून आले. त्यांनीही तेच सांगितलं, म्हणून मग मला झोप लागली.

आता सासूबाई कडक भाकरी मोडून खातात, वर शेंगाची चटणी आणि दही. लेकीचं प्लास्टर निघालं. नवऱ्याची किडलेली दाढ अजून लवंग तेलावरच चाललीय, आणि डिकीत काय असतं ते मला माहीत आहे. कानडी बंद झालेलं नाही.

पण आठवड्यातून एकदा, देवपूजा झाली की सासूबाई आपणहून माझ्याकडं येतात, खिडकीच्या उजेडात उभ्या राहतात आणि खालचा ओठ स्वतःच्या बोटानं ओढून धरतात. मध्ये एकदा मला शाळेला उशीर होत होता. पर्स खांद्याला, पायात एक चप्पल. मी वरवर बघितलं आणि म्हणाले, "छान आहे आत्या, काही नाही."

त्यांनी ओठ सोडला आणि माझं मनगट धरलं.

"असं न्हाय," त्या म्हणाल्या. "नीट बघ. भाजीवालीकडं जुडी बघतीस की, तसं बघ."

मी पर्स खाली ठेवली, चप्पल काढली आणि बॅटरी लावली.